बेटावरची लेकरं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आमचे सगळे सर आणि बाई, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले, पण अजूनही मुलं एका बाजूला आणि मुली एका बाजूला अशी वाटणी करूनच बसलेले १९९६ च्या दहावीचे माझे सोबती, सगळ्यांना नमस्कार.

संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ असा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. परदेश म्हटलं की लोकांना अमेरिका वाटते. मी गेले ती मॉरिशसला. २००९ ते २०१९, दहा वर्षं. पाचोडला हे सांगितलं तेव्हा गल्लीतल्या एका मावशींनी विचारलं होतं, “तिथं लग्न झालेले लोक फिरायला जातात, तू नोकरीला कशी काय चाललीस?” प्रश्न बरोबर होता. मी बँकांच्या सॉफ्टवेअरचं काम करते. तिथं एबेन नावाच्या ठिकाणी भारताच्या मदतीनं सायबर सिटी उभी राहिली, तिथल्या एका कामासाठी मला पाठवलं. वर्षभराचं काम होतं, ते लांबत गेलं. माझ्या मिस्टरांनाही तिथंच नोकरी मिळाली. मोठा मुलगा २०१० मध्ये झाला, धाकटी २०१३ मध्ये. त्यामुळे माझा परदेशातला अनुभव म्हणजे खरं तर लेकरं वाढवण्याचा अनुभव. कामाचं काय, संगणक सगळीकडे सारखाच अडतो.

आधी देश सांगते, कारण आपल्या भूगोलाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळही आली नसावी. हिंदी महासागरातलं बेट, मुंबईहून विमानानं सहा तास. आपल्या घड्याळापेक्षा दीड तास मागे. सगळं मिळून दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. चलन रुपया. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि माणसं एकमेकांशी बोलतात क्रिओलमध्ये. ही क्रिओल फ्रेंचमधून आली, पण तिचं व्याकरण वेगळं, ऐटही वेगळी. समुद्रकिनाऱ्याची चित्रं तुम्ही पाहिली असतील. आम्ही मात्र राहायचो वाक्वा नावाच्या गावात, मधल्या पठारावर. तिथं पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. कपाटातल्या साड्यांना बुरशी, चपलांना बुरशी, आणि लेकरांना बारमाही सर्दी. टँकरची वाट बघत वाढलेल्या मला सुरुवातीचे दोन महिने फार मजा वाटली. नंतर लंगोट वाळवायची वेळ आली.

ऋतूही उलटे. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तेव्हा तिथं उन्हाळा असतो. आपल्या शाळेसमोरचा गुलमोहर मे महिन्यात, निकालाच्या धास्तीत फुलायचा. तिथं तो डिसेंबरात फुलतो. माझ्या मुलानं पहिलीत गुलमोहराचं चित्र काढून खाली सुट्टी लागल्याचं लिहिलं होतं. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी आमच्या दोघांत सारखं आहे.

आणि विज्ञानाचे सर इथं बसले आहेत म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. तिथल्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. शेत मोकळं करताना मजुरांनी हातानं वेचून रचलेले. तो दगड मी पहिल्यांदा उचलला तेव्हा तो मला ओळखीचाच वाटला. आपल्या विहिरीतून निघतो तोच, काळा, जड. नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. पृथ्वीच्या पोटात एक तप्त जागा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग त्या जागेवरून सरकत असताना तिथून लाव्हा उसळला आणि दख्खनचं पठार झालं. देवगिरीचा किल्ला, वेरूळ, अजिंठा, पाचोडची काळी माती, सगळं त्यातलंच, असं भूशास्त्रज्ञ मानतात. आपण उत्तरेकडे सरकत आलो, ती जागा मागेच राहिली. तिच्यातूनच पुढे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आलं, आणि शेजारच्या रीयुनियन बेटावर तर तिचा ज्वालामुखी आजही पेटतो. म्हणजे सर, मी परदेशी गेले असं म्हणतात, पण दगडाच्या हिशोबानं मी चुलत घरीच गेले होते.

आता मुलाचं सांगते. हे मी फारसं कुठं बोललेले नाही, पण इथं बसलेल्या काही जणींची मुलं आता नातवंडांच्या वयाला आली आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

मोठा पावणेतीन वर्षांचा झाला तरी बोलेना. मोजून दहाबारा शब्द. घरात आम्ही मराठी, त्याला सांभाळणाऱ्या बाई क्रिओल, पाळणाघरात फ्रेंच आणि आमचे पाहुणे इंग्रजी. त्याचा पाण्यासाठीचा शब्द होता ‘दिलो’. क्रिओलमध्ये पाण्याला दिलो म्हणतात. आई फोनवर विचारायची, “काय रं सोन्या, काय करतो?” तो म्हणायचा, “दिलो.” आई म्हणायची, “कुणाला दिलं? काय दिलं?” तो पुन्हा, “दिलो.” असा संवाद पाच पाच मिनिटं चालायचा आणि दोघंही खूष. पण फोन माझ्या हातात आला की आईचा आवाज बदलायचा. “अगं, शेजारचं लेकरू त्याच्याहून धाकटं आहे, ते पाढे म्हणतंय.” मग वेखंड उगाळून चाटवायचा सल्ला.

आम्ही एका तज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी वीस मिनिटं त्याला खेळताना पाहिलं आणि सांगितलं, घरात भाषा फार झाल्या आहेत, त्याचा गोंधळ होतोय. मराठी बंद करा, सगळ्यांनी फ्रेंचच बोला. अगदी प्रेमानं सांगितलं. घरी येताना मी आणि मिस्टर गाडीत काहीच बोललो नाही, कारण कुठल्या भाषेत बोलायचं हाच प्रश्न होता.

मराठी बंद करायची म्हणजे काय, याचा मी त्या रात्री सरळ हिशोब मांडला. इंजिनिअर बाईला दुसरं काही येत नाही. माझं फ्रेंच बाजारहाटापुरतं. त्या फ्रेंचमध्ये मी लेकराला रागावू शकेन, पण समजूत घालू शकणार नाही. आईला मराठीशिवाय काही येत नाही. आण्णांना मराठी आणि थोडी निजामाच्या वेळची उर्दू, तीही त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. म्हणजे मराठी गेली की आजी-आजोबा गेले. एका लेकराचं बोलणं सुरू करण्यासाठी त्याच्या दोन माणसांचं बोलणं बंद करायचं, हा सौदा मला पटेना. आणि दुसरं म्हणजे, ज्या देशात प्रत्येक पोर तीन भाषांत वाढतं, तिथं भाषांच्या गर्दीनं मुलं मुकी राहत असती तर अख्खं बेट मुकं राहिलं असतं.

म्हणून मी दुसरीकडे गेले आणि त्याचा कान तपासून घेतला. निघालं ते असं : सततच्या सर्दीनं दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलं होतं. पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं त्याला ऐकू येत होतं. बहिरा नव्हता, पण शब्दांच्या कडा त्याला ऐकू येत नव्हत्या. काही महिने वाट पाहिली, पाणी उतरेना, मग पडद्यात बारीकशी नळी बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर नळाचा आवाज ऐकून तो दचकला आणि माझ्या मागे लपला. त्याला तो आवाज तोपर्यंत कधी नीट ऐकूच आला नव्हता. बोलणं लगेच आलं नाही, वर्ष गेलं. आलं तेव्हा मात्र तिन्ही भाषांत आलं आणि मग थांबेना. तेव्हा सांगायचं एवढंच, लेकरू बोलत नसेल तर आधी कान बघा. घरातली भाषा बोळ्यानं पुसून टाकू नका. दोन किंवा तीन भाषांमुळे मूल बोलायचं राहतं, या समजुतीला अभ्यासकांनी दुजोरा दिलेला नाही.

हे सगळं चाललं होतं त्याच २०१३ च्या उन्हाळ्यात इकडे काय चाललं होतं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुम्ही इथंच होता. आण्णांची मोसंबीची बाग होती. त्यांनी फेब्रुवारीपासून विकतच्या टँकरनं झाडं जगवली. मे महिन्यात धाकटी झाली. माझ्या बाळंतपणाला आई यायची होती, पासपोर्टही काढला होता. पण बागेपायी आणि आण्णांपायी ती निघू शकली नाही. धाकटी आठ दिवसांची असताना आण्णांनी फोनवर विचारलं, “पोरीचं वजन किती?” मी म्हटलं, तीन किलो. ते म्हणाले, “चांगलं आहे.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “कालपासून झाडं तोडायला लावली.” सत्तावीस वर्षांपूर्वी शाळेच्या फीचे पैसे ज्या झाडांनी दिले ती झाडं होती ही. बाहेर धो धो पाऊस पडत होता आणि मला तो अक्षरशः ऐकवेना. खिडकी लावून घेतली.

आईच्या जागी तेव्हा शेजारच्या आजी आल्या. त्या मराठी. म्हणजे मॉरिशसच्या मराठी. १८३४ पासून पुढे सत्तरऐंशी वर्षांत हिंदुस्थानातून साधारण साडेचार लाख मजूर त्या बेटावर करारानं नेले, उसाच्या कामाला. बहुतेक बिहारकडचे, काही तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले, मुख्यतः कोकणातले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून ते देशात शिरले, त्या अजून आहेत. आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. मी मुलांना घेऊन गेले होते. पायऱ्या अगदी साध्या आहेत, आपल्या बारवेला असतात तशा. मुलीनं उड्या मारत मोजल्या.

तर या आजींना मराठी किती येत होतं? आरत्या सगळ्या येत होत्या. आई, बाबा, मामा, मावशी ही नाती येत होती. भाकरी येत होती, तीही शब्दापुरती. बाकी सगळी क्रिओल. पण त्यांनी धाकटीला पायांवर घेतलं, तेल लावून रगडलं, कढत पाण्यानं न्हाऊ घातलं आणि ओढणीनं घट्ट गुंडाळताना काहीतरी गुणगुणल्या. चाल माझ्या आजीची होती. शब्दांचा अर्थ मी विचारला तर म्हणाल्या, ठाऊक नाही, माझी आजी म्हणायची म्हणून म्हणते. पाच पिढ्यांत शब्दांचा अर्थ झिजून गेला होता आणि हाताची रगड तशीच राहिली होती.

त्यांच्यामुळेच आम्ही मोठ्याला गावातल्या प्राथमिक शाळेत घातलं. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक बहुधा खासगी शाळांकडे जातात. पण तिथल्या प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्याबरोबर मराठी हा ऐच्छिक विषय घेता येतो. त्याची पुस्तकं मोका इथली महात्मा गांधी संस्था करते. मुलाला मराठी शिकवणाऱ्या बाई स्वतः कधी महाराष्ट्रात आलेल्या नव्हत्या. त्या ‘ळ’ फार जपून म्हणायच्या, जणू काचेचं भांडं उचलताहेत. आपल्या मराठीच्या बाई ‘ळ’ चुकला की डस्टर उचलायच्या. (बाई हसताहेत, म्हणजे त्यांना आठवतंय.)

गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. दारापुढे मांडव, ढोलकी, आणि कोकणातली जाखडी. रात्रभर नाचतात. मुलगा पाच वर्षांचा असताना जाखडीच्या गोलात घुसला आणि मला बाहेरून ओरडून म्हणाला, “आई, ये ना, तुला येत नाही का?” खरंच येत नव्हती. मराठवाड्याच्या बाईला कोकणचा नाच मॉरिशसच्या पोरांनी शिकवला.

एक गोष्ट मात्र मला शिकावीच लागली. पोहणं. आपल्या वेळी मुलं विहिरीत उड्या मारायची आणि आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. आमच्यासाठी समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, तोही सहलीच्या बसमधून पाहिलेला. तिथं रविवारी सगळं गाव पातेली घेऊन किनाऱ्यावर. प्रवाळाच्या भिंतीमुळे आतलं पाणी शांत असतं, पण पाणी ते पाणीच. मुलं कमरेएवढ्या पाण्यात आणि आई वाळूत उभी राहून नुसती नावं घेऊन ओरडतेय, हे मला चालणारं नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी, पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून, सहा वर्षांच्या पोरांच्या तुकडीत शिकले. इथं बसलेल्या मैत्रिणींनो, आपल्या मुलींना विहिरीच्या काठावर कपडे सांभाळायला बसवू नका. इंटरनेटवर पाचोड असं टाकलं तर मोसंबीच्या भावाबरोबर आपल्या गावच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेचं नाव येतं, किशोरवयीन मुलींची लग्नं लांबावीत म्हणून तिनं केलेल्या कामाचं. मी ते वाचलं तेव्हा दहावीनंतर पहिल्याच उन्हाळ्यात लग्न झालेल्या आपल्या वर्गातल्या चौघी डोळ्यांसमोर आल्या. त्यांतल्या तिघी आज आल्या आहेत. चौथी आपल्यात नाही.

२०१८ च्या जानेवारीत आई अखेर मॉरिशसला आली. पहिलं विमान, पहिला समुद्र. दालपुरी खाऊन म्हणाली, “ही तर गूळ विसरलेली पुरणपोळी.” आणि तिच्या स्वागतालाच चक्रीवादळ आलं, बर्गिटा नावाचं. तिथं वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला इशारा लागला की लोक मेणबत्त्या, पाव, पाणी भरून ठेवतात, चौथा म्हणजे ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झाले. शाळा बंद, ऑफिस बंद. खिडक्यांना फळ्या. वीज गेली. वारा असा की घराला कुणी धरून हलवतंय. रेडिओ बॅटरीवर चालू होता, बातम्या क्रिओलमध्ये. मी आणि मिस्टर पाणी पुसण्यात गुंतलो होतो. आई पलंगावर मांडी घालून बसली होती, तिच्या मांडीशी मोठा. आणि तो रेडिओचं एकेक वाक्य ऐकून आजीला मराठीत सांगत होता. “आजी, वादळ खालून चाललंय. आजी, ते म्हणतात बाहेर जाऊ नका. आजी, पूल बंद आहे. आजी, घाबरू नको, ते म्हणतात रात्री कमी होणार.” आई त्याला विचारत होती, “अजून काय म्हणतो रं तो?” आणि तो सांगत होता. पोछा हातात धरून मी दारात तशीच उभी राहिले. पाणी आत येत राहिलं, येऊ दिलं.

आम्ही २०१९ मध्ये आलो. आण्णांचं वय झालं होतं, एक हात नीट उचलत नव्हता. मुलांना आम्ही सांगितलं, आता आपण परत जायचंय. मोठा नऊ वर्षांचा होता. तो म्हणाला, “परत तू चाललीस आई. मी तर पहिल्यांदाच चाललोय.” याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पुण्यात पहिलं वर्ष त्याला जड गेलं. वर्गात त्याच्या मराठीला हसायचे, कारण त्याचं मराठी म्हणजे माझं पाचोडचं बोलणं, वाक्वाच्या बाईंचा जपून म्हटलेला ‘ळ’ आणि मधे मधे क्रिओल. आता नववीत आहे. दोघं भावंडं भांडताना अजून क्रिओलमध्येच भांडतात, आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला सगळं कळतं, हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही.

आण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. त्याआधी त्यांनी नातवाला घेऊन त्याच जागेवर पुन्हा मोसंबी लावली, या वेळी कमी झाडं, ठिबकवर. बाग आता धरतेय.

वेळ संपत आली, सूत्रसंचालक घड्याळाकडे बघताहेत. एक काम सांगून खाली बसते. त्या शेजारच्या आजी आता नव्वदीच्या आहेत. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची नक्कल मी निघण्याआधी महात्मा गांधी संस्थेतून काढून घेतली होती. तिथं मजुरांची जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत : जहाज, वय, बापाचं नाव, जिल्हा, गाव. जिल्हा रत्नागिरी आहे. गावाचं नाव गोऱ्या कारकुनानं कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, ते मला लागत नाही. आजींना एवढंच हवंय की त्या गावाचा एक फोटो, त्यात देऊळ दिसलं तर बरं. आपल्या बॅचचे तिघे जण वीस वर्षांपासून कोकणात शिक्षक आहेत, मला माहीत आहे. त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठावं. कागद माझ्या पर्समध्ये आहे.